एका डब्यातून दुसरा डबा

मराठीत ‘डबा’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. शाळेत न्यायचा तो डबा, पिठाचा तो डबा आणि रेल्वेचा तोही डबाच. मी ज्या छंदाबद्दल लिहितोय त्यात हे अर्थ अगदी शेजारी येऊन बसतात. जर्मनीतल्या गोपिंगन गावी मेर्क्लिन नावाची खेळण्यांची कंपनी १८५९ साली सुरू झाली, ती भातुकलीची पत्र्याची भांडी करत. आगगाड्या नंतर आल्या. म्हणजे आधी स्वयंपाकघरातला डबा, मग रुळावरचा डबा. पत्रा तोच, वाकवायची रीत तीच.

या कंपनीचे छोट्या मापाचे पत्र्याचे प्रवासी डबे जुन्या खेळण्यांच्या व्यवहारात आजही फिरत असतात. रंग उडालेला, एखादं चाक हरवलेलं, छताला पोचा आलेला, असा डबा घ्यायचा आणि हातानं चालवायच्या हत्यारांनी त्याचा आपल्याकडचा, भारतीय रेल्वेचा डबा करायचा, हे माझं गेल्या काही वर्षांचं काम. आपल्या मंडळाच्या अंकात कविता जास्त येतात, त्यामुळे करवत-कानशीचा लेख कितपत चालेल ही शंका होती. पण दोनतीन मुलांनी ‘कसं करता ते लिहा ना सर’ म्हणून पाठपुरावा केला. तर हे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना नुसतं वाचायचंय त्यांच्यासाठीही.

आधी माप. या गाड्या ‘एच-ओ’ प्रमाणात असतात, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याएवढ्या. युरोपातला नेहमीचा लांब प्रवासी डबा २६.४ मीटरचा. त्याला ८७ नं भागलं तर साधारण ३० सेंटीमीटर येतात. पण घरातल्या टेबलावरची वळणं फार आखूड असतात, तिथे एवढा लांब डबा बाहेर फेकल्यासारखा दिसतो. म्हणून त्या काळी कंपनीनं हे पत्र्याचे डबे आखूड करून २४ सेंटीमीटरचे काढले. जर्मन शौकिनांना हे कायम खटकत आलंय. दोन डबे कापून त्यांचा एक पूर्ण लांबीचा डबा जोडणारे लोक तिकडे पुष्कळ. आपल्याला मात्र हाच आखूडपणा कामाचा ठरतो. कारण आपला आयसीएफचा डबा मुळातच लहान आहे. त्याची पेटी २१.३३७ मीटर लांब, कपलरासकट २२.२९७ मीटर. भागाकार केला की पेटी साडेचोवीस सेंटीमीटर आणि कपलरासकट २५.६. जर्मन डबा बफरासकट २४. दीड सेंटीमीटरभर कमी पडतं, पण जवळपास पोचतो.

आयसीएफ म्हणजे चेन्नईतल्या पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी. २ ऑक्टोबर १९५५ ला तिचं उद्घाटन झालं. डब्याचा आराखडा स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेन इथल्या कारखान्याच्या सहकार्यानं आला. आपल्यापैकी ज्यांनी रेल्वेचा प्रवास केलाय त्यांनी बहुतेक या डब्यातूनच केलाय: आधीचा विटकरी-तांबूस रंग, नंतरचा निळा, खिडकीला आडवे गज, खालीवर सरकणारी झडप. जानेवारी २०१८ मध्ये पेरांबूरनं या जुन्या आराखड्याचा शेवटचा डबा बाहेर काढला. आता सगळीकडे जर्मन आराखड्याचे, लांब आणि जास्त सुरक्षित एलएचबी डबे येताहेत. ते यायलाच हवेत; अपघातात ते एकमेकांवर चढत नाहीत, हा फरक फार मोठा आहे. पण साठ-बासष्ट वर्षं ज्या डब्यात बसून या देशानं लग्नं, परीक्षा, बदल्या आणि तेराव्याचे प्रवास केले, तो हळूहळू यार्डात जाऊन भंगार होतोय. मोठा डबा ठेवून घेणं आपल्या हातात नाही. लहान मात्र आहे.

आता रुंदी, आणि इथे खरा प्रश्न आहे. आयसीएफ डबा ३.२४५ मीटर रुंद, म्हणजे लहान मापात ३७ मिलिमीटरच्या थोडं वर. युरोपातले डबे अरुंद असतात. पत्र्याचा डबा भरतो ३३ च्या आसपास. चार मिलिमीटर कमी. ते वाढवायचे तर छप्पर लांबीत चिरून मध्ये पट्टी घालावी लागेल, म्हणजे जवळजवळ नवा डबाच. मी तसं करत नाही, आणि त्याला कारण आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ नं भागल्यावर १९.३ येतात. पण बाजारात मिळणारा एच-ओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवर बेतलेला. आपल्याकडचे बहुतेक शौकीन त्याच रुळावर भारतीय गाड्या चालवतात. आता बघा, रूळच अरुंद असेल तर त्यावर पूर्ण रुंदीचा डबा ठेवल्यावर तो दोन्हीकडून लटकल्यासारखा दिसतो. अरुंद रुळावर त्याच हिशेबात अरुंद डबा ठेवला तर डोळा फसतो, आणि सुखानं फसतो. म्हणून रुंदीचं खोटं मी चालू देतो.

खिडक्यांचं मात्र चालू देत नाही. माझ्या मते या कामातलं खरं डोकं इथेच लागतं: कोणतं खोटं चालेल आणि कोणतं नाही ते ठरवण्यात. चार मिलिमीटर अरुंद डबा कुणाच्या लक्षात येत नाही. पण गज नसलेल्या, रुंद काचेच्या खिडक्यांचा डबा निळा रंगवून ठेवला तर सहा वर्षांचं पोरही म्हणेल, ही आपली गाडी नाही.

कापण्याआधी एक गोष्ट. हे जुने डबे छापील असतात. सपाट पत्र्यावर आधी रंग, रेघा, अक्षरं छापायची आणि मग तो ठोकून-वाकवून डबा करायचा, अशी ती पद्धत. हे छापकाम एकदा गेलं की गेलं; घरी परत करता येत नाही. छाप चांगला असेल तर तो डबा कापू नये, असा माझा नियम आहे आणि तो मी मोडत नाही. असा डबा ज्याला जपायचाय त्याच्याकडे जाऊ द्यावा. गंजलेल्या, आधीच कुणीतरी घरगुती रंग फासलेल्या, खोक्याशिवायच्या डब्यांची काही कमी नाही, आणि ते स्वस्तही पडतात.

खऱ्या डब्याची मापं कुठून घ्यायची? लांबी-रुंदी छापील मिळते, पण खिडकी किती, खिडकीच्या वर पट्टी किती, दार कुठे, हे फोटोवरून काढायचं. फलाटावरून डब्याच्या बरोबर समोर उभं राहून, जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन फोटो घ्यायचा. जवळून घेतला तर टोकं बारीक होतात आणि मापं खोटी येतात. मग त्या फोटोत डब्याची लांबी मोजायची, ती २१.३३७ मीटर आहे हे आपल्याला माहीत आहेच. त्रैराशिकानं उरलेलं सगळं येतं. सातवी-आठवीचं गणित आहे, बरं का! उभ्या गाडीची खिडकी फलाटाच्या बाजूनं टेपनं मोजून घेतली तर पडताळाही होतो. तेवढ्यासाठी रुळात मात्र उतरायचं नाही.

हत्यारं आपल्या इंदूरच्या सराफ्यात मिळतात. रात्री भुट्ट्याचा कीस खायला सगळेच जातात. दिवसा तिथल्या गल्ल्यांत सोनारांची हत्यारं विकणारी दुकानं उघडी असतात, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. केसाएवढ्या पात्याची सोनारी करवत, बारीक कानशींचा संच, चिमटे, हातानं फिरवायचा लहानसा ड्रिल. याशिवाय पोलादी पट्टी, टोकदार सुई, लहान व्हाइस आणि सोल्डरिंगची चांगली इस्त्री. वीज फक्त त्या इस्त्रीला लागते. फिरत्या चकतीचं कटिंग मशीन वापरू नये असं नाही, पण इतक्या पातळ पत्र्यावर ते एका क्षणात रेघेबाहेर जातं. शिवाय कडा तापून निळी पडते. हात सावकाश चालतो म्हणून थांबवता येतो.

डबा उघडताना घाई करायची नाही. तळाचा पत्रा वेगळा असतो आणि तो लहान लहान जिभांनी अडकवलेला असतो: जीभ खाचेतून बाहेर काढून दुमडलेली. ती सरळ करताना पातळ पेचकस खाली घालून हळू उचलायची, सरळ झाली की थांबायचं. मागेपुढे हलवायची नाही. पत्रा प्रत्येक वाकवण्यासरशी कडक होत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला तुटतो; तार तोडायची असली की आपण हेच करतो ना? आतली खिडक्यांची पारदर्शक पट्टी काढून बाजूला ठेवायची, कारण पुढे इस्त्रीची आच आहे.

आता हा पत्रा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो लोखंडाचा, खरं तर मऊ पोलादाचा पत्रा असतो आणि त्यावर कथलाचा अगदी पातळ थर. सोप्या मराठीत, कल्हई केलेला पत्रा. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेत तेव्हा कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकी, पांढरा धूर निघे, आणि मग कथील फिरवून कापसानं पुसलं की भांडं आतून चांदीसारखं. तत्त्व तेच. नवसागरानं धातूचा पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि कथील चिकटतं. डाख देताना आपण जी राळ वापरतो ती हेच काम करते.

पण कथलाचा थर आणि जस्ताचा थर यांत मोठा फरक आहे. शेडवरच्या पत्र्याला जस्त असतं. त्याला ओरखडा गेला तरी जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कथलाचं उलट. थर सलग असेपर्यंत उत्तम संरक्षण; एकदा चरा गेला की उघडं पडलेलं लोखंड कथलाच्या संगतीत आणखी लवकर गंजतं. आपण तर डबा कापायला निघालोय, म्हणजे प्रत्येक कापलेली कड हा एक चराच. म्हणून त्याच दिवशी प्रत्येक कडेवर डाखाचा पातळ हात फिरवायचा. पावसाळ्यात हे काम सुरू करून अर्धवट ठेवणाऱ्याला आठ दिवसांत तांबडी कड दिसते.

रंग काढताना कॉस्टिक सोडा वापरू नका, हे रसायनशास्त्राच्या मुलांनी तरी लक्षात ठेवावं. कथील आम्लात विरघळतं तसं अल्कलीतही विरघळतं. गरम कॉस्टिकमध्ये जुन्या डब्यांवरचं कथील काढून घेण्याचा उद्योगच चालतो. थिनर आणि बारीक पॉलिश पेपर पुरे. पेपर पाण्यात भिजवून घासायचा, कोरडा नाही. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं आणि ती धूळ श्वासात जाऊ देऊ नये. डाखातही शिसं असतंच. खिडकी उघडी ठेवणं आणि नंतर हात साबणानं धुणं, यात कंटाळा नको.

आता खिडक्या. स्लीपर डब्यात ७२ बर्थ, आठ-आठचे नऊ खण. प्रत्येक खणाला दोन खिडक्या धरल्या तर एका बाजूला अठरा, दोन्ही मिळून छत्तीस. जर्मन डब्याच्या खिडक्या याहून कितीतरी रुंद, आणि भोक लहान करता येत नाही. म्हणून जुन्या भिंतीवर नवी भिंत चढवायची. पाव मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घ्यायचा. पितळ यासाठी की ते कापायला मऊ, गंजत नाही आणि डाख पटकन घेतं.

छत्तीस खिडक्या कापायच्या म्हटल्यावर कुणीही हबकेल. युक्ती अशी की दोन्ही बाजूंचे पत्रे एकावर एक ठेवून एकदमच कापायचे. दोन पट्ट्या गरजेपेक्षा थोड्या मोठ्या घ्यायच्या आणि जो भाग नंतर टाकूनच द्यायचाय त्या कडेला डाखाचे टाके देऊन त्या एक करायच्या. मग अठराच खिडक्या राहतात. वरचा फायदा हा की दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. शेवटी ती टाकाऊ कड कापली की पत्रे आपोआप सुटे.

आखणीसाठी पितळेवर काळ्या मार्करची शाई फासायची आणि सुईनं रेघ ओढायची. काळ्यावर सोनेरी रेघ स्वच्छ दिसते. पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, म्हणजे खऱ्या डब्यावर साडेचार सेंटीमीटर. प्रत्येक खिडकीच्या मध्यावर हलका पंच, मग एक मिलिमीटरचं भोक. करवतीचं पातं एका टोकाला सोडवून भोकातून घालायचं, परत ताणून बसवायचं. पात्याचे दात खाली, कापायचं ते खाली ओढताना. पात्यावर अधूनमधून मेणबत्ती फिरवायची. इतक्या पातळ पत्र्यात पातं अडकतं, कारण दोन दातांमधल्या फटीत पत्राच घुसतो. उपाय सोपा: पत्र्याखाली जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायवूड चिकटवायचं आणि दोन्ही मिळून कापायचं. मग पात्याला जाडी मिळते.

रेघेवर कापायचं नाही. रेघेच्या आत केसभर ठेवायचं आणि उरलेलं कानशीनं. सात मिलिमीटरच्या खिडकीला चार बाजू. एक बाजू रेघेपर्यंत आली की पट्टी लावून बघायची, कारण अठरा खिडक्यांची खालची कड एका ओळीत नसेल तर डबा दारू प्यायल्यासारखा दिसतो. एकेक खिडकी पूर्ण करत जाण्यापेक्षा आधी सगळ्यांची खालची कड, मग सगळ्यांची वरची, मग उभ्या बाजू, असं केलं तर हाताला एकच हालचाल राहते आणि ओळ सरळ येते. मला एका खिडकीला पंचवीस मिनिटं लागतात. अठराचे साडेसात तास. रोज दोन खिडक्या म्हटलं तर नऊ दिवस.

इथे कुणीतरी विचारतंच: थ्री-डी प्रिंटरवर दोन तासांत होईल की! होईल. लेझरनं तर दहा मिनिटांत. मी त्याच्या विरोधात नाही, आणि ज्याला वीस डब्यांची पूर्ण गाडी करायचीय त्यानं तेच करावं. पण नऊ दिवस खिडक्या कानसल्यावर मला जे कळलं ते फोटोंत दिसलं नव्हतं. खिडक्या सारख्या अंतरावर नसतात. एका खणातल्या दोन खिडक्या एकमेकींच्या जवळ असतात आणि पुढच्या खणाआधी जास्त जागा सुटते, कारण तिथे आत आडवी भिंत आणि बर्थ आहेत. बाहेरून नुसती खिडक्यांची लय बघूनही आत माणसं कशी बसली असतील ते सांगता येतं.

नवी भिंत तयार झाली की जुनीचा मधला भाग काढायचा. वरची आणि खालची पाच-सहा मिलिमीटर पट्टी ठेवायची, त्यावर पितळ बसणार. कात्री चालवू नका. कात्रीनं पत्रा गुंडाळत जातो आणि मग तो सपाट करणं कठीण. सुरीच्या टोकानं पट्टीला धरून तीच रेघ पंधरा-वीस वेळा ओढायची आणि मग हलकेच वाकवायचं, तो त्या रेघेवर स्वच्छ तुटतो. लांबीतला दीड सेंटीमीटर भरून काढायचा असेल तर तोही आत्ताच. डबा मधोमध आडवा कापून दुसऱ्या भंगार डब्यातला तुकडा मध्ये घालायचा, आतून पट्टीचा आधार देऊन डाख द्यायचा. भिंतींवरचे सांधे पितळेखाली झाकले जातात, छतावरचे तेवढे घासून सपाट करावे लागतात. पहिल्या डब्यात मी ही लांबी सोडून दिली, दुसऱ्यात घातली. दोन्ही शेजारी ठेवले की फरक दिसतो. वेगवेगळे ठेवले तर मलाही शोधावा लागतो.

पितळ आणि पोलाद जोडताना एक हिशेब ध्यानात ठेवायचा. पितळ तापल्यावर पोलादापेक्षा जास्त पसरतं. डाख वितळतो १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान. साडेचोवीस सेंटीमीटरची पितळी पट्टी खोलीच्या तापमानापासून तिथवर गेली तर ती तेवढ्याच पोलादापेक्षा पाव मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते. पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दोन्ही टोकं आधी जखडलीत तर त्या पाव मिलिमीटरला जायला जागा नसते आणि भिंत मधोमध पोट काढते. म्हणून सुरुवात मध्यावर. मग एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये थोडं थांबून गार होऊ द्यायचं. गादी शिवणारा जसे लांब लांब टाके आधी घालून मग भरतो, तसं. आधीचे सांधे सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओला कापूस ठेवावा. ज्यांना इस्त्रीची भीती वाटते त्यांनी दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद वापरावा, डबा काही पडणार नाही. आणि डबा अॅल्युमिनियमचा असेल तर इपॉक्सीच, कारण त्यावर हवेनं लगेच ऑक्साइडचा थर येतो आणि साधा डाख चिकटतच नाही. अॅल्युमिनियम कापताना कानशीचे दातही भरून जातात. आधी खडू घासून घेतला तर कमी भरतात.

गजांसाठी मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जातो. जळालेल्या पंख्याच्या गुंडाळीतली तांब्याची तार तिथे पोत्यानं पडलेली असते. ०.२ मिलिमीटरची तार म्हणजे खऱ्या मापात सतरा मिलिमीटरचा गज, अगदी योग्य. तारेचं एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पक्कडीत धरून किंचित ओढली की ती सुईसारखी सरळ होते. भिंतीच्या आतल्या अंगाला, खिडक्यांच्या ओळीला समांतर अशा चार तारा डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ताणायच्या आणि खिडक्यांच्या मधल्या जागेत गोंदाचा थेंब द्यायचा. अठरा खिडक्यांचे ७२ गज चार तारांत होतात. संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीपुरत्या तारा नंतर कापून काढायच्या. हे बारीक काम झालं आणि डबा उजेडाकडे धरला, की तो आपला डबा झालेला असतो, रंग लागायच्या आधीच.

बाकीचं भराभर सांगतो. छतावरची हवेची वाटोळी टोपणं मी सगळ्यात लहान टिचबटणांची करतो. रंगाआधी कोमट पाण्यात थोडा खायचा सोडा घालून डबा धुवायचा, राळेचा आणि बोटांचा तेलकटपणा जायला हवा. मग प्रायमर. खिडकीच्या ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड जुन्या विटकरी डब्याच्या इतका जवळ जातो की एका डब्यावर मी त्यावर दुसरा रंग अगदी पातळच दिला. वजनाचाही हिशेब आहे: अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं एच-ओ डब्यासाठी एक औंस आणि वर दर इंचाला अर्धा औंस, असं ठरवून दिलंय. आपल्या डब्याला ते साधारण १६५ ग्रॅम होतात. कमी भरलं तर तळात शिशाची पट्टी चिकटवायची, मध्यावर नको, दोन्ही बोगींच्या वर.

एक धोका मात्र धातूच्या डब्यालाच आहे. मेर्क्लिनच्या गाड्या तीन रुळांच्या पद्धतीच्या: वीज मधल्या टोकांतून येते आणि दोन्ही रुळांतून परत जाते. त्यामुळे त्यांच्या डब्यांची डावी-उजवी चाकं एकमेकांना विजेनं जोडलेली असली तरी बिघडत नाही. आपण बहुतेकजण दोन रुळांची पद्धत वापरतो, त्यात एक रूळ धन आणि एक ऋण. तिथे हा डबा ठेवला की सरळ शॉर्ट सर्किट. चाकं बदलून एका बाजूला विजेचा अटकाव असलेली घालावीच लागतात. ती घातल्यावरही मल्टिमीटरची दोन टोकं डाव्या-उजव्या चाकांना लावून बघायचं, आणि बोगी दोन्हीकडे पूर्ण वळवून परत बघायचं. कारण वळणावर चाकाची कड तळाच्या पत्र्याला टेकली तर सरळ रुळावर न दिसणारा शॉर्ट तिथे दिसतो. तळाला चाकांच्या वर कागदी चिकटपट्टी लावली की ही काळजी मिटते.

मीटरगेजचं कुणी विचारलं तर, रूळ १२ मिलिमीटरचे मिळतात, पण पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटातला डबा हा वेगळाच विषय आहे. आणि ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगतो, चांदी कापायला पितळेहून मऊ असते, पण ती गाडी आहे तशीच बरी.

शेवटी क्रमांक. आयसीएफ डब्यांवरच्या पाच आकड्यांपैकी पहिले दोन बांधणीचं साल सांगतात, शेवटचे तीन डब्याचा प्रकार: २०१ ते ४०० म्हणजे स्लीपर. हे माहीत नसताना कोणताही आकडा टाकला तर जाणकार लगेच हसतो. विटकरी रंगाच्या माझ्या डब्याला मी ८६२१४ दिलाय. आकड्यांची उंची दीड मिलिमीटर, मांजराच्या मिशीएवढ्या कुंचल्यानं, मनगट टेबलाला टेकवून. एक बाजू झालीय. दुसऱ्या बाजूला ‘८६’ पर्यंत आलोय.